डावी सीट

माझ्या नावाची पाटी माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राच्या आधी आली. निकाल लागला त्याच आठवड्यात मालकांनी पेंटरला बोलावून एका फळीवर माझं नाव लिहून घेतलं आणि नावापुढं बी. ई. ती दोन अक्षरं नावापेक्षा मोठी होती. पेंटरनं विचारलं, एवढी मोठी कशाला? मालक म्हणाले, "नाव ह्याच्या बापानं ठेवलंय, ते फुकट आलंय. ही अक्षरं ह्यानं मिळवल्यात. तीच मोठी काढ."

मालक म्हणजे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीचे मालक. तिथं पाण्याच्या पंपांची बिडाची कवचं ओतली जायची. मी पेठ वडगावचा. वडील बैलगाडीची लाकडी चाकं करायचे. माझ्या शाळेच्या दिवसांतच रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि चाकांचं काम थांबलं. मग ते दारं, चौकटी, पाट, जे मिळेल ते करू लागले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. कोल्हापूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा राहायचं कुठं हा प्रश्न होता. वडिलांच्या ओळखीच्या एका गाडीवानानं मालकांकडं नेलं, आणि मालकांनी काही न विचारता कारखान्यातली एक खोली दिली. त्या खोलीत ओतकामाचे लाकडी नमुने ठेवलेले असायचे. चार वर्षं मी त्या नमुन्यांमध्ये झोपलो, उठलो, अभ्यास केला. दुपारचा डबा मालकांच्या घरून यायचा. मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांचं माहेर सीमेकडचं, घरात दोघांचं बोलणं कानडीत. मला त्या "तम्मा" म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. डब्यात भाकरी किती याचा हिशोब नसायचा, मी परत पाठवलेल्या डब्यात एक जरी उरली तरी दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, "तम्माला बरं न्हाय का?"

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात कुणाचंही मन वाईट नव्हतं. माझंही नव्हतं. तरी ते झालं.

मालकांकडं एक जुनी गाडी होती. विलायती, दोनच सीटांची, कापडी टपाची, साठच्या दशकातली. इतकी बुटकी की आत बसलेल्या माणसानं हात खाली सोडला तर रस्त्याला लागावा. रंग कधीकाळी लाल असणार. मी बघितला तेव्हा विटकरी झाला होता. लग्न झाल्यावर मालक आणि अक्का पहिल्यांदा नरसोबाच्या वाडीला गेले ते या गाडीतून. घरचं दैवत शंकर, पण अक्कांच्या आईनं वाडीच्या दत्ताला काही बोलून ठेवलं होतं, ते फेडायला. त्या वाटेची गोष्ट अक्का हसून सांगायच्या. "टप उघडा. वारं हे असं. पदर धरू, का कुंकू संभाळू, का तुमच्या मालकाला धरू, मला काय कळंना बघ."

मी मालकांच्याच फाउंड्रीत नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली असतील. एका दुपारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अक्कांना मणक्याचं दुखणं होतं. कमरेला पट्टा होता, जिना चढताना त्या दोनदा थांबायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आता वाढतच जाणार.

"शब्द दिलाय तिला," मालक म्हणाले. "लग्नाला तीस वर्षं व्हत्यात औंदा. त्याच गाडीतनं वाडीला न्हेतो म्हणालोय. पुढं तिला बसाय येतंय का न्हाय, सांगता येत न्हाय. गाडी तेवढी नीट कर."

"काय काय करायचं, मालक?"

"डुलती लई. वळणावर तर पाळणाच. तेवढं डुलणं काढ. आन चाकं बघ, कुरकुरत्यात. बाकी तुला काय सांगायचं? तू इंजिनेर."

मी केबिनमधून बाहेर आलो तो हवेत तरंगतच. इतकी वर्षं घेतच होतो. पहिल्यांदा काहीतरी द्यायची वेळ आली होती, आणि तेही माझ्या शिक्षणातलं.

गाडीची चाकं तारांची होती, सायकलच्या चाकासारखी. तारा सैल झाल्या होत्या, ब्रेक लावला की टकटक आवाज यायचा. मालकांचा पहिला विचार कोल्हापुरी माणसाचा असतो तसाच होता. "बाहेरनं कशाला आणायची? आपण ओतू की! नमुना आपला, वाळू आपली. शेजारच्याकडनं ॲल्युमिनिअम घिऊ." मी नको म्हणालो. ओतलेल्या चाकात आत कुठं बारीक पोकळी राहिली तर ती बाहेरून दिसत नाही आणि वेगात चाक फुटू शकतं, हे समजावून सांगितलं. मालक माझ्याकडं बघत राहिले, मग बाहेर जाऊन फोरमनला म्हणाले, "बघा, नको म्हणायलाबी शिक्षण लागतंय."

उद्यमनगरात एक मिस्त्री होते, मालकांच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडं. साठीचे, काटक, एका कानानं कमी ऐकायचे. गाडी त्यांच्या गॅरेजात लावली. त्यांचं म्हणणं साधं होतं. "चाकं हीच ठेवा. तारा बदलून देतो, एक म्हातारा हाय माझ्या वळखीचा, बुलेटच्या चाकांच्या तारा वढतो. चाक मऊ हाय, बसणाऱ्याला बरं. स्प्रिंगा हायत त्याच. शॉकप तेवढे बदलू, रबरं बदलू. झालं."

पण मी त्याआधी महिनाभर तयारी केली होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंग्रजी मोटारींच्या मासिकांचा एक गठ्ठा मिळाला होता. त्यात अशाच एका गाडीचा फोटो होता: जमिनीला चिकटून उभी, रुंद चकचकीत मिश्रधातूची चाकं, पातळ टायर. खाली लिहिलं होतं ते मी शब्दकोश घेऊन वाचलं. वळणावर गाडी झुकू नये म्हणून स्प्रिंग कडक आणि आखूड हवी, टायरची भिंत बुटकी हवी, सांध्यांमधलं रबर काढून तिथं कडक काहीतरी हवं. मी वजनं काढली, आकडेमोड केली, चार पानं भरली. कॉलेजात शिकलेलं सूत्र पहिल्यांदा खऱ्या गाडीला लागत होतं. ते बरोबर येत होतं, याचाच इतका आनंद होता की ते कशासाठी लावतोय हे बघायचं राहिलं.

मिस्त्रींनी चारही पानं बघितली. उलटी धरली होती का सुलटी, मला माहीत नाही. परत देताना दोन्ही हातांनी दिली.

"रबर काढून नायलॉनचं बुश घालायचं म्हणताय?"

"हो. रबर दबतं, त्यामुळं चाक हलतं."

"दबतंय, व्हय." त्यांनी जुन्या रबराचा तुकडा बोटांत दाबून बघितला. "बरं. तुमी म्हणताय तर आसंल."

"मिस्त्री, तुम्हाला काही वेगळं वाटतंय का?"

"आमाला काय वाटायचं? आमी पान्याची माणसं. तुमी शिकल्यालं."

मी तिथं थांबायला हवं होतं. मी ते कौतुक समजलो.

पुढल्या दीड महिन्यात सगळं झालं. चाकं पुण्याहून आणली, पहिल्यापेक्षा एक इंच मोठी. ती बसवायला मधल्या पोलादी चकत्या उद्यमनगरातच लेथवर काढून घेतल्या. पुढच्या स्प्रिंगा माझ्या मापानं नव्या वळवल्या, जुन्यांपेक्षा दीडपट कडक. मागच्या कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, सरळ करून एकेक पाटा वाढवला. नायलॉनचे बुश मी स्वतः समोर उभा राहून टर्न करून घेतले, मापात केसभराचाही फरक नव्हता. जुन्या स्प्रिंगा आणि जुनी चाकं भंगारात घाला म्हणालो, तर मिस्त्रींनी स्प्रिंगांना ग्रीस फासून त्या गोणपाटात बांधल्या, टेबलाखाली सरकवल्या आणि चाकं भिंतीला टांगली. "खातपीत काय न्हाईत. पडू द्यात."

त्याच दिवसांत माझे वडील, आबा, डोळे दाखवायला कोल्हापूरला आले होते. दवाखान्यातून त्यांना मी गॅरेजात घेऊन गेलो. मला ती गाडी त्यांना दाखवायचीच होती. ते गाडीभोवती फिरले. चाकाजवळ उकिडवे बसले, पातळ टायरवर अंगठा दाबला. मग पुढं जाऊन दोन्ही हात बॉनेटवर ठेवून सगळा भार टाकला. गाडी जागची हलली नाही. मी अभिमानानं बघत होतो.

"हिच्यात बसणार कोण?" त्यांनी विचारलं.

ते त्यांच्या धंद्यातलं पहिलं वाक्य होतं. लहानपणी मी शेकडो वेळा ऐकलेलं. कुणी चाक करायला सांगायला आला की आबा लाकडाचं विचारायचे नाहीत, पैशाचं विचारायचे नाहीत. आधी विचारायचे, गाडीत काय जाणार? ऊस, का शेणखत, का माणसं? आणि माणसं म्हटलं तर, कसली माणसं? बाळंतीण माहेराला न्यायची असेल तर गाडी वेगळी जुंपायची.

मिस्त्री हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघत होते. गॅरेजात दोन-तीन गिऱ्हाइकंही होती. मला लाज वाटली. धोतर नेसलेला माझा बाप विलायती गाडीला बैलगाडीचा प्रश्न विचारत होता.

"आबा, ही बैलगाडी न्हवं," मी म्हणालो.

"व्हय की," ते म्हणाले. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. त्यानंतर ते गाडीबद्दल काही बोलले नाहीत. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "झ्याक केलीस. मालकाचं उपकार लई हायत आपल्यावर."

गाडीची चाचणी मी पुण्याच्या रस्त्यावर घेतली. चौपदरीकरणाचं काम तेव्हा चाललं होतं, नवा गुळगुळीत तुकडा तयार झाला होता. पहाटे गाड्या नसायच्या. गाडीत दोन माणसांचं वजन हवं म्हणून फाउंड्रीतली वाळू एका पोत्यात भरली, काट्यावर वजन करून अक्कांच्या वजनाइतकी केली, आणि ते पोतं डाव्या सीटवर ठेवून पट्ट्यानं बांधलं. मालकांनी ते बघितलं आणि पोट धरून हसले.

"आरं, आमची अक्का वाळूची केलीस व्हय रं?"

"वजन बरोबर आहे, मालक. पंचावन्न किलो."

"वजन बरोबर हाय, पर गप बसलीय म्हंजे आमची न्हवं!"

वीस किलोमीटर गेलो, वीस आलो. वळणावर गाडी झुकली नाही. पोतं जागचं हललं नाही. स्टिअरिंग असं होतं की मनात आलं की चाक वळावं. परत आलो तेव्हा मला खात्री होती की एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. ती खात्री खोटी नव्हती, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

एका गुरुवारी सकाळी दोघं निघाले. फाउंड्रीच्या गेटवर आम्ही सगळे उभे होतो. अक्कांनी हिरवं इरकल नेसलं होतं. बसायला त्यांना वेळ लागला, कारण सीट खाली होती. मालकांनी हात दिला. बसल्यावर त्यांनी माझ्याकडं बघून पदर डोक्यावरून घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून दाखवला, तीस वर्षांपूर्वीसारखा. सगळे हसले. टप उघडा होता.

संध्याकाळी गाडी परत येऊन उभी असलेली मी बघितली, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. अक्का पलंगावर पडून होत्या. उठू लागल्या तर मालकांनी खांद्याला हात लावून परत निजवलं.

"दमलीय जरा," मालक म्हणाले.

अक्कांनी उशाजवळचा पुडा माझ्याकडं सरकवला. वाडीची कवठाची बर्फी. "तुझ्यासाठी वायली आणलीय, तम्मा."

"गाडी कशी झाली, अक्का?"

त्यांनी मालकांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "लई घट्ट. कुठं हालली न्हाय."

मी तो पुडा घेऊन सरळ गॅरेजात गेलो आणि मिस्त्रींना बर्फी दिली. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, गोड हाय म्हणाले, आणि खाली वाकून कुठल्यातरी गाडीच्या इंजिनात हात घातला.

त्यानंतर ती गाडी बाहेर निघाली नाही. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. मी दर महिन्याला बॅटरी बघायचो, टायरची हवा बघायचो. मालक कधी गाडी काढा म्हणाले नाहीत, त्याचं मला थोडं वाईटही वाटायचं. अक्कांचं दुखणं वाढलं म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं. त्यांचं दुखणं वाढतच गेलं. पुढं त्यांचं चालणं थांबलं, मग बसणं. दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी, त्या गेल्या.

दिवसकार्य झालं त्या दुपारी मी आणि मिस्त्री मालकांच्या घराबाहेर मांडवात खुर्च्यांवर बसलो होतो. आतली माणसं जेवत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "एक बरं झालं, मिस्त्री. वाडीची त्यांची इच्छा तेवढी पुरी झाली."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून परत म्हणालो.

"ऐकलं," ते म्हणाले. "आता त्या न्हाईत. सांगाय हरकत न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्या गुरुवारी हातकणंगल्यापर्यंत जाता जाताच अक्कांना असह्य झालं होतं. तो रस्ता तेव्हा ठिगळांचा होता. प्रत्येक ठिगळ खालून थेट मणक्यात जात होतं. मधे दबायला काही उरलंच नव्हतं. मी सगळं काढलं होतं. अक्कांनी तिथंवर दात आवळून सोसलं, मग म्हणाल्या, थांबवा. मालकांनी टेलिफोन बूथवरून मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री स्कूटरवर गेले. अक्का एसटी स्टँडच्या बाकावर पदर तोंडात धरून बसल्या होत्या.

"मी टायरची हवा काढली थोडी. दुसरं काय करणार रस्त्यावर? मालक म्हणाले, चल, माघारी जाऊ. तर अक्का न्हाय म्हणाल्या. वाडीला म्हणून निघालोय, वाडीलाच जायाचं. एसटी आली, तिच्यात बसल्या. पुढच्या बाजूला जागा मिळाली, बरं. आन मालक ही गाडी घिऊन त्या एसटीच्या मागनं गेले. एसटी थांबली की हे थांबायचे, एसटी निघाली की हे निघायचे. वाडीपतूर. येताना तसंच."

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो.

"मला मालक म्हणाले, इंजिनेरला ह्यातलं काय सांगायचं न्हाय. पोरगं खचंल. आन अक्कांनी आपली शप्पथ घातली वर." मिस्त्रींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "त्या एसटीत चढताना मला म्हणाल्या बघा, गाडी डुलायची तेच बरं हुतं हो मिस्त्री."

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो. "तुम्ही मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"वाटत हुतं. ठाऊक हुतं असं कसं म्हणू? मला वाटतंय आन तुमी कागदावर काढलंय. माझ्या वाटण्याला काय किंमत?" मग म्हणाले, "चुकलंच माझं."

त्यांचं चुकलं असं त्यांना वाटत होतं. मला तेही सहन झालं नाही.

पंधरा दिवसांनी धीर करून मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. माझ्या नावाची ती पाटी बाहेर माझ्या टेबलावर होती. आत जाण्याआधी ती मी पालथी घातली होती. मालक हिशोबाच्या वह्या चाळत होते.

"मालक, मला कळलं सगळं."

"मिस्त्रीच्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

"जुन्या स्प्रिंगा अजून आहेत. तारांची चाकंही आहेत. मी एका आठवड्यात सगळं होतं तसं करून देतो."

त्यांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. "करून काय करू? शेजारी कोण हाय आता? तुझं ते वाळूचं पोतं तेवढं ठेव परत." म्हणाले आणि हसायला गेले, पण ते हसणं पुरं झालं नाही. मग उठून माझ्यापाशी आले. "तू वाईट केलं न्हाईस, बाबा. काम तुझं एक नंबर हुतं. मीच तुला डुलणं काढ म्हणालो. तिचं दुखणं मी तुला सांगितलं न्हाय नीट."

सांगितलं होतं. त्याच केबिनमध्ये सांगितलं होतं. पट्टाही मी रोज बघत होतो.

त्या रविवारी वडगावला गेलो. आबा ओट्यावर खुरप्याला धार लावत होते. त्यांना सगळं सांगितलं, त्यांच्या त्या प्रश्नासकट. ते ऐकत राहिले. दगडावर खुरप्याचा आवाज चालू होता.

"तुम्ही विचारलं होतं, आबा. मी तुम्हाला गप्प केलं. पण पुढं तुम्ही परत का नाही बोललात? स्टँडवर झ्याक केलीस म्हणालात."

त्यांनी खुरपं थांबवलं. "मला वाटलं, एवढं शिकल्याला पोरगा हाय. त्यानं ते आधीच बघितलं आसंल."

आई आतून चहा घेऊन आली आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

गाडी अजून सहा वर्षं ताडपत्रीखाली होती. मग मालकांनी ती विकायचं ठरवलं. जाहिरात मीच दिली. पुण्याहून एक तरुण आला, सॉफ्टवेअरमधला, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. मालकांनी "या पावणं, बसा" म्हणून चहा दिला आणि चावी माझ्याकडं देऊन म्हणाले, "तूच फिरवून आण त्यास्नी."

तो म्हणाला, मी चालवून बघतो. म्हणून मी दुसऱ्या बाजूला गेलो. दार उघडलं, आणि तेव्हा ध्यानात आलं की या सीटवर मी कधीच बसलो नव्हतो. प्रत्येक वेळी मी चालवत होतो. इथं एकदा पोतं होतं आणि एकदा अक्का.

शिरोलीच्या नाक्यावर त्यानं विचारलं, कुठं जाऊ? हायवे मोकळा होता, आता पुरा झाला होता, काचेसारखा. मी म्हणालो, "सांगलीच्या रस्त्यानं घ्या. हातकणंगल्यापर्यंत जाऊ."

चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, खड्डा येताना दिसतो, अंग आपोआप सावध होतं. डाव्या सीटवर धरायला काही नव्हतं. खड्डा आला की तो आधी पाठीत कळायचा, मग डोळ्यांना. माझं वय चौतीस, पाठ धडधाकट. मी दाराच्या कडेला घट्ट धरून बसलो. किती वेळा असं धरावं लागलं ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. हातकणंगल्याच्या स्टँडसमोर एक एसटी उभी होती. मला तिथं उतरावंसं वाटलं. उतरलो नाही. परतीचा सगळा रस्ता त्याच सीटवर बसून आलो.

तो तरुण मात्र खूश होता. वळणावर गाडी मुद्दाम वेगानं घेत होता. "काय सेटअप आहे, सर! अजिबात रोल नाही, कुठं झुकत नाही. इथं कोल्हापुरात कुणी केलं हे?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीतरी विचारावं म्हणून मी वाट बघितली होती.

"मी केलं," मी म्हणालो.

"ग्रेट. तुम्ही इंजिनिअर?"

"हो."

व्यवहार झाला. त्याच संध्याकाळी गाडी न्यायची होती. मी उद्यमनगरात जाऊन मिस्त्रींच्या टेबलाखालची गोणपाटाची गाठोडी उचलून आणली आणि त्या गाडीच्या डिकीत ठेवली. जुन्या स्प्रिंगा होत्या, ग्रीस वाळून काळं झालं होतं. तो म्हणाला, हे कशाला, सर? हे आता लागणार नाही.

"शेजारी कोण बसणार आहे?" मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. मी परत विचारला, "तुमच्या शेजारी, या सीटवर, कोण बसणार? आईबिई?"

तो हसला. "आई? ह्या गाडीत? नाही हो सर." मग गाठोडी उचलून त्यानं माझ्या पायाशी ठेवली, हात पुसले आणि गाडी सुरू केली.